पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा: कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी कोणता घ्यावा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, अलिबाग, कुठल्याही भांड्यांच्या दुकानात ओट्याजवळ ठेवायचा कचऱ्याचा डबा मागितला की हेच प्रकार पुढ्यात येतात: झुलत्या झाकणाचा, पेडलचा प्लास्टिकचा, पेडलचा स्टीलचा, सिंकखाली दाराला लावायचा, आणि अलीकडे हात पुढे केला की आपोआप उघडणारा सेन्सरवाला. ओल्या कचऱ्यासाठी यातला घेण्यासारखा एकच आहे. पेडलचा, प्लास्टिकचा, आत सुटी बादली असलेला, 5 ते 7 लिटरचा. तोही जसा मिळतो तसा परिपूर्ण नाही, दोन-तीन ठिकाणी हमखास मार खातो. पण बाकीच्यांचे दोष डबा बदलल्याशिवाय जात नाहीत, याचे घरच्या घरी निस्तरता येतात.

गिऱ्हाईक आधी झाकण बघतं: घट्ट बसतं का, आवाज करतं का, हळू मिटतं का. झाकणाला एवढा भाव द्यायचं कारण नाही. डब्याला वास लागतो तो पाण्यामुळे. कालवणाचा रस, चहाचा चोथा, भाजी धुतलेलं पाणी, मासळीचं रक्त हे सगळं तळाशी उतरतं. त्यात वरचा कचरा बुडाला की हवा तुटते आणि मग तो कुजतो तो आंबूस, सडका वास सोडत. झाकण कितीही घट्ट असलं तरी दर वेळी उघडल्यावर तो भपका तोंडावर येणारच. म्हणून सिंकच्या कोपऱ्यात बसणारी तिकोनी जाळी डब्याबरोबरच घ्यावी. ओलं काही असेल ते आधी जाळीत, अर्ध्या-पाऊण तासाने निथळलं की डब्यात. चहाचा चोथा गाळणीतच चमच्याने दाबून घ्यावा. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या किंवा सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या जाड सालाच्या, भुशाची जाडसर मूठ टाकावी. काथ्या निघाल्यावर उरणारा हा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही.

आता आकार. चार माणसांच्या घरात रोजचा ओला कचरा साधारण किलोभर होतो, सैलसर पडला तर दोन-तीन लिटर. म्हणजे 7 लिटरच्या डब्यात तो अर्ध्याच्या आत राहतो आणि रात्री किंवा सकाळी रिकामा करताना जड जात नाही. दुकानदार 12 किंवा 15 लिटरचा दाखवतो, शंभर-दीडशेचाच फरक असतो आणि मोह होतो. मोठा डबा मात्र भरल्याशिवाय कोणी उचलत नाही, आणि भरायला तीन-चार दिवस लागतात. उकाड्यात घरमाशीची अंडी एका दिवसात फुटतात. चौथ्या दिवशी झाकण उघडल्यावर काठावर अळ्या वळवळताना दिसल्या तर त्यात झाकणाचा काही दोष नाही. आंब्याच्या दिवसांत घोंघावणारी चिलटंही अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणजे डबा रोज रिकामा होऊन आठवड्यातून दोनदा नीट धुतला गेला तर त्यांची पिढी डब्यात पुरी होत नाही.

बादली मात्र नीट निरखून घ्यावी. भिंती वरून खाली किंचित निमुळत्या हव्यात, नाहीतर उपडी करून आपटली तरी तळाचा गोळा सुटत नाही. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा बोटाने चाचपून बघावा, गोलाई हवी. काटकोन असेल तर तिथे साका बसतो आणि घासणीचं टोक पोचत नाही. मजबुतीसाठी तळाला पट्ट्या काढलेल्या असतील तर त्या बाहेरच्या बाजूने असाव्यात, आतून गुळगुळीत. बादलीचा काठ बाहेर वळवलेला असतो. त्या वळणाच्या खाली बोट फिरवलं की पोकळ खाच लागते. वरून ओघळलेलं सगळं तिथे जाऊन बसतं, आणि धुतलेल्या डब्यालाही वास येतो तो बहुतेक वेळा इथूनच. जुना टूथब्रश त्यासाठीच ठेवावा. कडी खाली पाडल्यावर काठाच्या आत निजते का हेही बघायचं, काही डब्यांत ती वर राहते आणि झाकण बोटभर उघडं पडतं. मुंग्यांना तेवढं पुरे.

झाकणाची खालची बाजू सपाट हवी. आतून जाळीसारख्या उभ्या-आडव्या पट्ट्या असलेलं झाकण घेऊ नये, वाफ त्यांच्यावर थेंब धरते आणि पावसाळ्यात काळी बुरशी तिथूनच सुरू होते. बिजागरीच्या खुंट्या दाबून झाकण अख्खं निघत असेल तर उत्तम.

या डब्याचा खरा कच्चा दुवा म्हणजे पेडलची सळई. पाय दिला की बाहेरच्या डब्याच्या मागून वर गेलेली एक लोखंडी सळई झाकणाला ढोसते, एवढीच सगळी करामत. सळईला मुलामा असतो तो नावापुरता. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची दमट यांत तो सुटतो, सळई गंजते, फुगते आणि खाचेत अडकते. मग लोक जोरात पाय देतात आणि पेडलची प्लास्टिकची खुंटी मोडते. गंजलेल्या सळईपायी डबा फेकला जातो, वास्तविक बाकीचा धड असतो. नवा डबा आणला की उलटा करून सळई ओढून काढावी, कोरडी पुसून तिला व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा आणि परत बसवावी. पावसाच्या आधी एकदा, गणपतीच्या सुमारास एकदा. खोबरेल लावू नये, ते धूळ धरतं आणि मुंग्यांना आमंत्रण देतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पाणी लागलं की धुपून जातं.

स्टीलचा डबा दिसायला देखणा, किमतीला दुपटीहून जास्त, आणि किनाऱ्यालगत टिकायला कमी. दुकानात सगळ्यालाच स्टेनलेस म्हणतात. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, ते बऱ्यापैकी तग धरतं. स्वस्त डबे 202 किंवा 430 प्रतीचे असतात. 202 मध्ये निकेल वाचवायला मँगनीज वापरलेलं, 430 मध्ये निकेल जवळजवळ नाहीच. चुंबक लावून बघायची आपली जुनी परीक्षा इथे अर्धीच कामाची: चुंबक घट्ट चिकटलं तर 430 समजावं, पण नाही चिकटलं म्हणून 304 ठरत नाही, 202 लाही ते चिकटत नाही. मिठाच्या हवेत या हलक्या पत्र्यांवर आधी तपकिरी डाग, मग सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्यावर ब्लीचिंग पावडर घातली तर काम तमाम, कारण क्लोराइडच या पत्र्याला खातं. शिवाय स्टीलच्या डब्यातही आतली बादली बहुधा प्लास्टिकचीच असते, म्हणजे जादा पैसे गेले ते वरच्या पत्र्याला.

झुलत्या झाकणाचा डबा ओल्या कचऱ्याला बाद. दर वेळी खरकट्या हाताने झाकण ढकलायचं, आणि आतली बाजू झुलताना बाहेर येते ती माखलेलीच. सिंकखालचा, दाराबरोबर उघडणारा डबा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ठीक. इथे सिंकखालचा कोंदटपणा, फुगलेलं प्लायवूड आणि झुरळं हे आधीच एकत्र नांदत असतात, त्यात कचरा नेऊन ठेवायची हौस कशाला? सेन्सरवाल्याच्या बॅटरीचे संपर्क खाऱ्या हवेत हिरवे पडतात, आणि झाकणात यंत्र असल्यामुळे ते मोरीत नेऊन घासता येत नाही. धुता येत नाही तो कचऱ्याचा डबाच नव्हे. भोकांच्या भिंतींचा, हवा खेळणारा छोटा डबाही हल्ली मिळतो, ओलावा उडून कचरा हलका होतो असं त्याचं म्हणणं. कोरड्या हवेत ते खरं आहे. कोकणात पावसाळ्यात आधीच पाण्याने जड झालेल्या हवेत काय उडणार? बुरशी तेवढी वाढते, आणि भोकांतून चिलटांना रस्ता मोकळा. डिसेंबर-जानेवारीत वापरायला हरकत नाही.

कोणताही डबा घेतला तरी मासळीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. बांगड्याचे कल्ले, आतडी, कोलंबीची सालं यांना डब्यात रात्र काढू देऊ नये. शक्य असेल तर बाजारातच साफ करून घ्यावी. घरी साफ केली तर कचरा कागदात गुंडाळून थेट मागीलदारी न्यावा, निदान फूटभर खोल पुरावा आणि वर माती दाबावी. त्याहून उथळ पुरलं की कुत्री आणि मुंगूस रात्रीत उकरतात. माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून मीटर-दीड मीटरवर पुरलं तर खताला खत. विहिरीच्या जवळ मात्र नको, जांभ्यातून पाणी झटकन झिरपतं. परसू नसेल आणि घंटागाडी सकाळीच येणार असेल, तर झाकणाच्या जुन्या डब्यात घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. किळस वाटेल, पण गोठलेल्या मासळीला ना वास ना माशी. डब्यात पडलीच तर वर लिंबाची सालं किंवा कढीतली वापरलेली आमसुलं टाकावीत. मासळीचा तो उग्र वास ट्रायमिथाइल अमाइनचा. ते अल्कधर्मी असतं, म्हणून आंबटाने बसतं. साबणाने हात धुऊनही न जाणारा वास लिंबाने जातो तो याच कारणाने.

तिसऱ्यांच्या शिंपल्या, कालवांची कवचं आणि करवंट्या या डब्यात टाकूच नयेत. त्या कुजत नाहीत, जागा खातात आणि पिशवी फाडतात. रंगाची रिकामी झालेली 10 लिटरची बादली त्यासाठी मागच्या पडवीत ठेवावी, तिच्या झाकणाला तोड नाही. फणस फोडला त्या दिवशी चारखंड, म्हणजे त्याची जाड काटेरी साल, गोठ्यात, गुरं आवडीने खातात. चीक बादलीला लागला असेल तर साबणाआधी खोबरेल चोळावं, नुसत्या साबणाने तो पसरतो.

पिशवी लावावी का? ओल्या कचऱ्याला शक्यतो नाही. 2016 च्या घनकचरा नियमांपासून ओला आणि सुका वेगळा द्यायचा आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला कचरा पुढे कोणाला तरी हाताने फाडावा लागतो. कुजणाऱ्या पिशव्या घ्यायच्या तर त्यांच्यावर आयएस 17088 हा क्रमांक छापलेला बघावा. नुसतं हिरवं पान छापलेल्या पिशवीला काही अर्थ नाही. या पिशव्या दमटपणात आपोआप मऊ पडतात, म्हणून वर्षाचा साठा करू नये आणि एका दिवसापेक्षा जास्त भरू नये. माप जुळणं हीही एक कटकट आहे. बाजारातली छोटी पिशवी 17 बाय 19 इंचांची, म्हणजे उघडल्यावर घेर साधारण 86 सेंटीमीटर. 7 लिटरच्या बादलीचं तोंड 20 ते 22 सेंटीमीटर, घेर जेमतेम 63 ते 69. सैल पिशवी पहिल्याच ओझ्याला आत घसरते. जादा भाग मागच्या बाजूला पिळून गाठ मारावी आणि काठाखाली सरकवावी. भरलेली पिशवी उचलताना खाली पोकळी होऊन ती बादलीला चिकटते आणि फाटते. काठाखाली साधारण 5 सेंटीमीटरवर समोरासमोर दोन भोकं तापवलेल्या खिळ्याने पाडली की हवा आत शिरते आणि पिशवी सुटून येते. खूप खाली पाडू नयेत, रस बाहेरच्या डब्यात गळेल.

धुण्यासाठी लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो. त्यात बादली पंधरा मिनिटं भिजवावी, मग घासणी. वास मुरलेला असेल तर महिन्यातून एकदा ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, पण त्याआधी लिंबू-व्हिनेगर लावलं असेल तर खळखळून धुतल्याशिवाय नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बादली उन्हात उपडी ठेवावी, पण मे महिन्याच्या उन्हात दिवसभर विसरू नये, प्लास्टिक ठिसूळ होतं. अर्धा तास पुरे. बाहेरचा डबाही आतून पुसायचा असतो, हे निम्म्या घरांत कोणाच्या गावी नसतं.

पावसात बादली वाळत नाही ही खरी अडचण, आणि त्यावर उपाय म्हणजे दुसरी बादली. एक डब्यात, एक पडवीत उपडी. बनवणारे आतली बादली सुटी विकत नाहीत, ही त्यांची चूक. म्हणून डबा घेतानाच त्याच दुकानातली साधी लहान बादली आत उतरवून बघावी. ती बसली, कडी आडवी निजली, पाय दिल्यावर झाकण भिंतीला न टेकता पूर्ण उघडलं आणि पाय काढल्यावर डबा मागे सरकला नाही, तर दोन्ही एकदम बांधून घ्यावं. सरकत असेल तर तळाला रबराच्या चार टिकल्या लावून मागाव्यात, नाहीतर पुढचा डबा काढायला सांगावा.