पिल्लाचं खोटं वय, कोरं कार्ड आणि दोन दिवसांची हमी

विकत घेतलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी येतं त्या दिवशी खेळतं, खातं, शेपूट हलवतं. दुसऱ्या रात्री ते वाटीला तोंड लावत नाही. सकाळी उलट्या, संध्याकाळी रक्ताचे दुर्गंधी जुलाब. विकणाऱ्याला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं : “आमच्याकडे ठणठणीत होतं, तुम्ही खाणं बदललं असेल. एक-दोन दिवस दहीभात द्या.” या एक-दोन दिवसांतच पिल्लू हातचं जातं.

पार्वो म्हणजे उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. म्हणजे घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी उलट्या-जुलाब लागले आणि तपासणीत पार्वो निघाला, तर विषाणू तुमच्या घरातला नाही, पिल्लू तो घेऊनच आलं आहे. विकणाऱ्याने दिलेली “४८ तासांची हमी” संपते तेव्हा पार्वो अजून दिसलेलाही नसू शकतो. डिस्टेंपर या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराला तर याहून जास्त दिवस लागतात. हमी घ्यायचीच तर १४ दिवसांची, आणि लेखी घ्या. त्यात पार्वो आणि डिस्टेंपर ही नावं स्पष्ट असावीत आणि उपचाराचा खर्च कोण देणार तेही असावं. तोंडी हमीला काहीच अर्थ नाही.

फसवणुकीची सुरुवात मात्र वयापासून होते. ‘दोन महिन्यांचं’ म्हणून दिलेलं पिल्लू पुष्कळदा जेमतेम पाच आठवड्यांचं असतं. लवकर विकलं की खाण्याचा, जंतांच्या औषधाचा आणि लसीचा खर्च वाचतो, शिवाय लहान पिल्लू जास्त गोंडस दिसतं. वय ताडून पाहायचं असेल तर ओठ हळूच वर करून दात बघा. पुढचे दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊ लागतात, मागच्या दुधाच्या दाढा त्यानंतर. आठ आठवड्यांच्या पिल्लाला बहुधा सगळे २८ दुधाचे दात असतात. लहान चणीच्या जातींत थोडा उशीर होतो. पण मागच्या हिरड्या मोकळ्याच असतील आणि पिल्लू चालताना डुगडुगत असेल, तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नका. ‘टीकप’ (म्हणजे कपात मावेल एवढं इवलंसं) नावाची मान्यताप्राप्त जातच नाही. त्या नावाखाली कमी वयाचं किंवा उपाशी ठेवलेलं पिल्लू गळ्यात मारलं जातं, आणि एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर काही तासांच्या उपासानेही धोक्याच्या पातळीवर उतरते.

आता लसीकरणाचं कार्ड. खऱ्या नोंदीत लसीच्या बाटलीवरचं स्टिकर असतं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. शेजारी तारीख, पशुवैद्याची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नुसत्या पेनाने लिहिलेली तारीख म्हणजे लस नव्हे. “सगळ्या लसी झाल्यात” हे आठ आठवड्यांच्या पिल्लाबाबत खरं असूच शकत नाही. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधी दिलेली लस निष्प्रभ करू शकते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. चौथ्या आठवड्यात टोचून ‘लसीकरण पूर्ण’ लिहिणारा एकतर अडाणी आहे, नाहीतर खोटारडा.

पिल्लू त्याच्या आईजवळ बघा. “आई गावी आहे” हे कारण ऐकलं की निघून या. दूरचा व्यवहार असेल तर फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल करा आणि पिल्लाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा. विमानाचा पिंजरा, मग विमा, मग परवाना असे एकामागून एक ‘परत मिळणारे’ पैसे मागितले जाऊ लागले, तर तिकडे बहुधा पिल्लूच नाही.

पिल्लू घरी आणलंच असेल तर पहिल्या २४ तासांत पशुवैद्याकडे न्या. वजन, तापमान (३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक) आणि जंतांसाठी शी तपासून घ्या. पोट नगाऱ्यासारखं आणि फासळ्या दिसत असतील तर ते बाळसं नव्हे, बहुधा जंत असतात. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. खाणं पहिले काही दिवस जुनंच ठेवा, मग आठवडाभरात हळूहळू बदला. म्हणजे “खाणं बदललं” हा बहाणाही उरत नाही. उलटी किंवा जुलाब झाले की त्याच दिवशी शीची पार्वो चाचणी करा. तिचा निकाल काही मिनिटांत मिळतो. लेखी अहवाल, कार्डाचा फोटो आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा, तक्रारीत हेच उपयोगी पडतं.

पिल्लू गेल्यावर काही विकणारे “दुसरं फुकट देतो” म्हणतात. घेऊ नका. ते बहुधा त्याच वेताचं किंवा त्याच जागेतलं असतं, आणि तुमच्या घरात पार्वोचा विषाणू कित्येक महिने टिकून राहतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंथरूण आणि लाकडी-कापडी खेळणी टाकून द्या. बागेच्या मातीवर ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून पुढचं पिल्लू सगळे डोस पूर्ण झाल्यावरच आणा.