खाली रेंज नाही: वेब पानं सोबत न्यायची तर कशात?

माझी नोकरी पंपघरं आणि जनरेटरच्या खोल्यांची. तळघर, जाड भिंती, लोखंडी दार. जिना उतरता उतरताच फोनची रेंज जाते. जे वाचायचं, बघायचं ते वरूनच सोबत न्यावं लागतं. त्यासाठी बरेच उपाय वापरून झालेत. तुम्ही त्यातला एखादा निवडणार असाल तर आधी एवढंच ठरवा: तुम्हाला वाचायचंय की शोधायचंय? सुट्टीच्या अर्ध्या तासात चार लेख निवांत वाचणं वेगळं आणि पॅनेलवर एरर कोड लुकलुकत असताना त्याचा अर्थ हुडकणं वेगळं. दोन्हींना पुरेल असं एक अ‍ॅप शोधण्यात मी बराच काळ घालवला. ते सापडलं नाही.

सगळ्यात जवळचा उपाय ब्राउझरमध्येच आहे. अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत खाली टोक असलेला बाण दिसतो. तो दाबला की पान फोनमध्ये उतरतं. आयफोनवर सफारीची रीडिंग लिस्ट आहे, पण तिचा एक चकवा आहे. सफारीच्या सेटिंग्जमध्ये यादीतली पानं आपोआप ऑफलाइन साठवण्याचं बटण चालू करावं लागतं, नाहीतर एकेक पान दाबून धरून सेव्ह करावं लागतं. दोन्ही केलं नाही तर यादी छान दिसते आणि आत नुसते पत्ते असतात.

क्रोमने मला एकदा चांगलंच वर-खाली पळवलं, अर्थात चूक माझीच होती. मोटरच्या ड्राइव्हची वायरिंग समजावणारं एक पान मी वर उघडलं, लगेच डाउनलोड केलं आणि खाली गेलो. मजकूर शब्द न् शब्द आला होता. आकृतीच्या जागी राखाडी चौकोन. हल्ली बऱ्याच साइट्स सगळी चित्रं एकदम पाठवत नाहीत. तुम्ही पान खाली सरकवाल तसतशी ती येतात. मी सरकवलंच नव्हतं. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे जोडा' ही ओळ मात्र ठळक अक्षरांत होती.

तेव्हापासून पान आधी तळापर्यंत सरकवतो, 'अधिक पहा'च्या घड्या उघडतो, मग सेव्ह करतो. त्यानंतर फोन फ्लाइट मोडवर टाकून ब्राउझर पूर्ण बंद करतो आणि सेव्ह केलेलं पान पुन्हा उघडून बघतो. ही चाचणी कुठल्याही उपायाला लावा. उघडा टॅब म्हणजे सेव्ह केलेलं पान नव्हे. फोनला मेमरी कमी पडली की तो टॅब आतून रिकामा होतो आणि खाली गेल्यावर तुम्हाला कोरा पडदा दिसतो.

ब्राउझरचा एक गुण पुढच्या उपायात नाही: लॉगिन करून उघडलेलं पान जसं दिसतंय तसं तो ठेवू शकतो. त्यामुळे दहा-वीस ठरावीक पानांचं काम असेल तर वेगळ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. पानं शंभरावर गेली की मात्र डाउनलोडच्या यादीत फोटो, पावत्या आणि पानं यांची खिचडी होते.

दुसरा उपाय 'नंतर वाचू' पद्धतीच्या सेवांचा. लेख दिसला की बटण दाबायचं; सेवा त्यातल्या जाहिराती, कडेच्या पट्ट्या काढून टाकते आणि नुसता मजकूर फोनवर आणून ठेवते. २००८पासून चालू असलेलं इन्स्टापेपर यातलं जुनं नाव. लांब लेखांना याच्याइतकं सुखाचं वाचन दुसऱ्या कशात नाही, हे माझं ठाम मत. अक्षर मोठं होतं, ओळी नव्या मापाला बसतात, डोळे शिणत नाहीत.

तांत्रिक पानांना मात्र ही सफाई मारक ठरते. साफसफाईत तक्ते विस्कटतात, आकड्यांचे स्तंभ एकाखाली एक लोंबतात आणि कुठल्या कोडसमोर कुठला अर्थ हेच कळेनासं होतं. शिवाय सेवेचा सर्व्हर स्वतः जाऊन पान आणत असेल तर लॉगिनमागचं पान त्याला मिळतच नाही. आणि कामाच्या कागदपत्रांचे दुवे तिऱ्हाईत कंपनीच्या खात्यात टाकावेत का, हे साठवण्याआधीच वरिष्ठांना विचारा.

या सेवांबद्दल माझी मोठी धास्ती वेगळीच आहे. पॉकेट २००७मध्ये 'रीड इट लेटर' या नावाने सुरू झालं, २०१७मध्ये मोझिलाने विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ला बंद झालं. कोबोच्या ई-रीडरमध्ये ते आतच बसवलेलं होतं. तिथे पुढे इन्स्टापेपर आलं. त्याही आधी पामटॉपच्या, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकांच्या, काळात अव्हांटगो होतं. उपकरण संगणकाला जोडायचं, बटण दाबायचं आणि निवडलेल्या साइट्स खिशात घालून निघायचं. तेही २००९मध्ये बंद पडलं. खोकं दुसऱ्याच्या घरात असलं की चावीही त्याचीच. वॉलाबॅग हा मुक्त स्रोताचा पर्याय स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो आणि त्यातून लेख ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतात. पण सर्व्हर सांभाळायची हौस हवी. मला ती महिनाभर टिकली.

रोज त्याच चार-पाच साइट्स वाचत असाल तर आरएसएस वाचक पुरेसा आहे, म्हणजे साइट्सच्या फीडमधून (नव्या लेखांच्या यादीतून) लेख गोळा करणारं अ‍ॅप. सकाळी वायफायवर एकदा ताजा करून घ्या. फक्त काही साइट्स फीडमध्ये दोनच ओळी देतात. म्हणून पूर्ण लेख आणून ठेवण्याची सोय असलेलंच अ‍ॅप घ्या.

पीडीएफ की ईपब, हा प्रश्न खरं तर पडद्याच्या मापाचा आहे. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं गोठतं, म्हणून तक्ते आणि आकृत्या शाबूत राहतात. पण फोनवर ते वाचायचं म्हणजे दोन बोटांनी मोठं करा, डावीकडून उजवीकडे ओढा, पुढच्या ओळीला परत या. हातमोजे असतील तर विचारूच नका. ईपब पडद्याप्रमाणे वळतं. मी तक्ते टॅबलेटवर पीडीएफमध्ये ठेवतो आणि लेख ई-रीडरवर ईपबमध्ये. ई-रीडरची बॅटरी आठवडे चालते, उन्हातही पडदा स्वच्छ दिसतो. पण रंगीत वायरींची आकृती काळ्या-पांढऱ्या पडद्यावर उघडलीत तर लाल कुठली आणि हिरवी कुठली हे ओळखणं नशिबावर.

आता शोधायचं काम. इथे एकेक पान साठवण्यात अर्थ नाही, कारण कुठला कोड येणार हे वर असताना माहीतच नसतं. अख्खी साइटच हवी. किविक्स हे अ‍ॅप त्यासाठीच आहे: संपूर्ण विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये (किविक्समध्ये उघडणारी फाइल), शोधपेटीसकट. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो आणि दुरुस्तीच्या आयफिक्सिट साइटच्याही अशा फाइली मिळतात. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या आसपास जातो. चित्रांशिवायची किंवा एकाच विषयाची फाइल बरीच लहान असते. एक गोष्ट आधीच तपासा: मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तासभर डाउनलोड करून शेवटी एरर खाण्यापेक्षा कार्ड आधी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

तयार फाइल नसलेल्या साइटसाठी १९९८पासूनचं एचटीट्रॅक आहे. संगणकावर ते साइटभर फिरून पानं उतरवतं आणि आतले दुवे जुळवून देतं. साध्या, जुन्या बांधणीच्या साइटवर ते अजून झकास चालतं. जिथे मजकूर जावास्क्रिप्ट (पानात चालणारा प्रोग्राम) आयत्या वेळी आणते, तिथे नुसते सांगाडे हाती लागतात. तिथे किविक्सच्याच मंडळींचं झिमिट वापरून पाहा. ते ब्राउझरकरवी पानं उघडून झिम फाइल बनवतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर एकदम हजार पानांची मागणी मात्र टाकू नका, वेग कमी ठेवा.

प्रोग्रामरांना डेव्हडॉक्स ही साइट ठाऊक असेल. ती प्रोग्रामिंगची माहितीपत्रकं ब्राउझरमध्येच साठवते. आयफोनवर ती होम स्क्रीनवर ठेवा. नाहीतर सफारी वापरात असताना सात दिवस त्या साइटकडे फिरकला नाहीत, तर सफारी तिने साठवलेलं सगळं पुसून टाकते.

तर थोडी ठरलेली पानं असतील तर ब्राउझर, लांब लेखांना इन्स्टापेपर, आणि कोडच्या शोधाला किविक्स. मी स्वतः टॅबलेटवर किविक्स आणि पीडीएफचा एक फोल्डर एवढंच नेतो. त्यातल्या प्रत्येक फाइलच्या नावाला उतरवल्याची तारीख जोडलेली असते. कारण साठवलेलं पान स्वतःहून बदलत नाही, आणि उत्पादकाने मधल्या काळात कोडचा तक्ता सुधारला असेल तर खाली कळायला दुसरा मार्ग नसतो. तारीख सहा महिन्यांपलीकडची दिसली की जिना उतरायच्या आधी ते पान पुन्हा उतरवून घेतो.