लिपिड प्रोफाइल: उपाशीपोटी की खाऊन?

शुगर आहे म्हटल्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, वर्षातनं एकदा तरी होतंच, आणि दरवेळी तोच घोळ, रात्रीपासून उपाशी राहायचं की खाऊन जायचं. मी दोन्ही करून बघितलंय.

उपाशी करण्यामागे कारण आहे, नाही असं नाही. खाल्लं की ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढतं, आणि बऱ्याच लॅबमधे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थेट मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड फॉर्म्युल्यानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. म्हणजे ट्रायग्लिसराइड फुगलं की एलडीएल उगाच कमी दिसणार, आणि ४०० च्या वर तर हा हिशोब चालतच नाही.

पण गेल्या वर्षी काय झालं, सकाळची ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) सवयीनं घेऊन टाकली, पोटात अन्नाचा कण नाही (चूक माझीच, पण उपास नसता तर काही बिघडलं नसतं). लॅबमधे रक्त घेणाऱ्याचा सव्वानऊपर्यंत पत्ता नाही, हातातलं टोकन थरथरायला लागलं, बनियन घामानं चिंब. बायकोनं पर्समधलं ग्लुकोमीटर काढलं, शुगर ५८, फारच खाली! शेजारच्या आजींनी लिमलेटच्या चार गोळ्या हातावर ठेवल्या. उपास मोडला, दुसऱ्या दिवशी परत फेरी.

यंदा पोहे खाऊन, गोळी घेऊन, अकराला आरामात गेलो. ट्रायग्लिसराइड १८८ चं २१४ झालं, एलडीएल ९८ चं ९०. नॉन-एचडीएल, म्हणजे एकूणातून एचडीएल वजा, १३६ चं १३३, जवळपास तेच. आणि शुगरवाल्यांनी बघायचा आकडा खरं तर हाच, कारण आपलं एलडीएल शंभराच्या आत छान दिसतं पण त्याचे कण बारीक आणि संख्येनं जास्त असू शकतात. मला १३० च्या आत हवं होतं, ते दोन्ही वेळा हुकलं, उपास करूनही आणि पोहे खाऊनही. २०१६ मधे युरोपातल्या तज्ज्ञांनीही नेहमीच्या तपासणीला उपासाची गरज नाही असंच सांगितलंय.

ट्रायग्लिसराइड आधीच ४०० च्या पुढे असेल तर मात्र उपाशीच करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर (शुगरचीच दुसरी गोळी) असाल तर उपासाचा तसा त्रास नाही, तुमची मर्जी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर डॉक्टरांना 'खाऊन आलो तर चालेल का' एवढं विचाराच. माझे डॉक्टर लगेच हो म्हणाले, फक्त पोह्यांबरोबर जिलबी नको म्हणाले.