वूफरला चुंबकच नाही म्हणाला आणि मी मान डोलावली

पंचवीस हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी म्हणणार दोन-चारशे रुपयांसाठी काय एवढं रडगाणं. आणि पैशांचं एक वेळ सोडा, बाकी जे गेलं ते आता पैसे टाकून पण मिळंना, म्हणून लिहायला बसलोय. ज्यांच्या माळ्यावर वडिलांचे, काकांचे जुने स्पीकर पडलेत आणि अचानक ते वाजवायची हुक्की आलीय त्यांनी तरी वाचा.

माझे थोरले मामा मर्चंट नेव्हीत होते. ७० च्या दशकात त्यांनी इंग्लंडहून सेलेस्टियन कंपनीचे डिटन १५ स्पीकर आणले, जोडी, सागाच्या व्हिनियरचे. कंपनीचा जुना कारखाना थेम्स डिटन म्हणून लंडनजवळच्या गावात होता त्यावरून हे डिटन नाव, हे मामा प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगायचे. मामा गेल्यावर ते स्पीकर सोलापूरच्या रेल्वे लाईन्समधल्या घरात जुनी चादर पांघरून कितीतरी वर्षं तसेच उभे होते. मागच्या दिवाळीत मामी म्हणाल्या, घेऊन जा बाबा, तुलाच आवड आहे. छोट्या हत्तीत घालून विजापूर रोडला आणले, जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या होम थिएटरला जोडून बघितले, एक खरखरत होता आणि दुसरा गप्प. झालं.

दुकान शहरातलंच. गल्ली सांगत नाही, नाव तर नाहीच. मिस्त्री बोलायला गोड, मालक मालक करून पोटात शिरणारा. त्याने जाळी काढली. आत एक ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, आणि आठ इंची दोन गोल, त्यातला एक नेहमीसारखा काळा कोन, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर, आणि दुसरा सपाट, थर्माकोलसारखी हलकी तबकडी. काळा वूफर बाहेर काढून त्याने मीटर लावला आणि माझ्यासमोर धरला. ६.२.

"बघा मालक, आठ ओहमचा स्पीकर आहे, मीटर सहा दाखवलालाय. कॉइल शॉर्ट झाली."

आठातून सहा गेले की दोन ओहम गायब, एवढं गणित मला येतं, मी हो म्हणालो. मग त्याने ती सपाट तबकडी काढली, उलटी केली, आणि खरं सांगतो माझ्या पोटात गोळा आला. मागे काहीच नाही. ना चुंबक, ना वायर, ना कॉइल. "कुणीतरी चुंबक काढून विकलं मालक. जुनं चुंबक लई भारी असतंय, भंगारात पण भाव येतो." दुसऱ्या स्पीकरची तबकडी काढली, तिथं पण तेच.

आता मी काय करावं? शांतपणे घरी येऊन नेटवर बघावं ना. मी दुकानातूनच मामीला फोन लावला की स्पीकर कुणी उघडले होते का, आणि मामी म्हणाल्या नाही रे, वरच्या खोलीतला भाडेकरू पोरगा तेवढा पंखे-बिंखे दुरुस्त करून देतो, आणि मी म्हणालो मग त्यानेच. इतक्या सहज म्हणालो. फोनवर मामी गप्प झाल्या ते मला तेव्हा जाणवलं पण नाही, कारण मिस्त्री तोपर्यंत कागदावर हिशोब मांडत होता.

दोन नवे वूफर ३,८००. शॉर्ट झालेल्या दोन कॉइल नव्याने भरायला २,४००. ट्वीटर "डाउन" आहेत म्हणून दोन नवीन, १,७००. क्रॉसओव्हरचे, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटचे, कंडेन्सर १,२००. १२ मीटर प्युअर कॉपर वायर १४० च्या दराने १,६८०. आणि मुख्य म्हणजे ॲम्प्लिफायर, म्हणजेच ॲम्प, कारण "असल्या इंग्लिश स्पीकरला १५० वॉट आरएमएस पायजेच, कमी दिला तर जळतील", तो १४,५००. एकूण २५,२८०. वरचे २८० सोडले, मी खूश.

आठ दिवसांनी माल घरी आला. पहिल्या दिवशी बेस असा घुमला की शेजारच्यांनी विचारलं डीजे आणला काय. पण मी मामांकडे लहानपणी ऐकलेला आवाज हा नव्हता. तेव्हा तानपुरा मागे शांत झिरपायचा, आता डब्यात मधमाशी अडकल्यासारखा. तबल्याचा बायां नुसता धप्प. मनाला समजावलं, नवीन माल आहे, मोकळा व्हायला वेळ लागत असेल. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या वाढदिवसाला आवाज जरा चढवला आणि डावा ट्वीटर चुर्रर्र करून बंद पडला. ॲम्पवर हात ठेवला तर भाकरीचा तवा.

आमच्या शेजारी अण्णा राहतात, रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉमला होते, रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली. त्यांना आधीच का नाही विचारलं असं बायको अजून विचारते. खरं कारण असं की अण्णा एकदा बोलायला लागले की दोन तास जातात. असो. अण्णा आले, ॲम्प एका हाताने उचलला आणि हसले. "काय बे, ह्यात दीडशे-दीडशे वॉट? मग ह्याचं वजन कुठं गेलं?" स्क्रू काढले. आत एक ट्रान्सफॉर्मर, माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा, त्यावर चिठ्ठी १२-०-१२, ३ अँपियर. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने लिहून दाखवलं. १२ व्होल्ट एसीचे डीसी होतात १२ गुणिले १.४१, म्हणजे १७. त्यातले दोनेक ट्रान्झिस्टरमध्येच जाणार, राहिले १५. १५ चा वर्ग २२५, भागिले आठाची दुप्पट १६, म्हणजे आठ ओहमला जास्तीत जास्त १४ वॉट. आणि सगळा ट्रान्सफॉर्मरच २४ गुणिले ३ म्हणजे ७२ व्हीएचा, तो दोन्ही बाजू मिळून ३०० वॉट आणणार कुठून, विहिरीत ७२ घागरी पाणी असताना ३०० घागरी कशा काढशील, असं ते म्हणाले. पॅनलवर मात्र सोनेरी अक्षरात १५० डब्ल्यू + १५० डब्ल्यू. ट्रान्झिस्टरवर ५२०० आणि १९४३ असे नंबर होते, म्हणजे बाजारात सगळीकडे चालते ती प्रसिद्ध जोडी, पण थिनरचा बोळा फिरवल्यावर अक्षरं बोळ्यावर आली.

मी म्हणालो पण अण्णा, कमी वॉटचा ॲम्प असेल तर स्पीकरला धोका नाही ना, उलट चांगलंच. तर म्हणाले नाही, इथंच माणसं फसतात. ॲम्पची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचं डोकं सपाट कापलं जातं, आणि त्या कापण्यातून जे जादा सूर तयार होतात ते सगळे वरच्या पट्टीतले, ते जातात सरळ ट्वीटरला. म्हणून डावा गेला. आणि वॉटचं एवढं वेड पण खोटं आहे, १० वॉटचे १०० केलेस तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, दहापट नाही. १९७८ चा एनएडी कंपनीचा ३०२० ॲम्प कागदावर फक्त २० वॉटचा, पण जगभर लोकांनी डोक्यावर घेतला, कारण ते २० खरे होते.

मग स्पीकर उघडला. आणि त्या सपाट तबकडीची गोष्ट कळली.

तिला चुंबक नसतंच. चोरीला गेलेलं नाही, कारखान्यातूनच नसतं. तिला एबीआर म्हणतात, ऑक्झिलरी बास रेडिएटर. पेटी सगळीकडून बंद असते, वूफर आत-बाहेर हलला की आतली हवा दबते आणि त्या हवेच्या दाबावर ही तबकडी हलते आणि खालचे सूर भरते. वायर लागतच नाही. तिच्या जागी त्या बहाद्दराने दुसरा वूफर ठोकला होता, आणि तो पहिल्याला पॅरलल जोडला, म्हणजे आठ आणि आठ मिळून चार ओहम, आधीच दुबळ्या ॲम्पवर दुप्पट ओझं. तो तवा तापला त्याचं अर्धं कारण हे.

आणि ते ६.२? तेही बरोबरच होतं. मीटर मोजतो तो डीसी रेझिस्टन्स, आठ ओहमच्या चांगल्या वूफरला तो साडेपाच ते सातच्या मधेच येतो. आठ हा एसीचा, इम्पिडन्सचा आकडा. म्हणजे कॉइल ठणठणीत होत्या. २,४०० घेऊन त्याने कॉइल भरल्या नाहीतच, कोनाला नुसता काळा रंग फासला होता, कडेला ब्रशचा एक केस अजून चिकटलेला. कंडेन्सर तर साधे, एका बाजूला मायनसची पट्टी असलेले. क्रॉसओव्हरमधून आवाज दोन्ही दिशांनी जातो, तिथं नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेले, लागतात, फिल्मचे घातले तर उत्तम, फक्त मायक्रोफॅरडचा आकडा जुनाच ठेवायचा. वायर अण्णांनी ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

सगळ्यात वाईट बातमी त्यांनी शेवटी दिली. जुन्या डिटन १५ मधला ट्वीटर म्हणजे एचएफ १३००. हाच ट्वीटर स्पेंडॉर कंपनीच्या बीसी१ सारख्या नावाजलेल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरमध्ये, बसायचा. अजून लोक शोधत फिरतात. "तुझे ट्वीटर डाउन नव्हते बे. त्याला ते पायजे होते." बाकीचं सगळं काम, रंग, वूफर, सगळा तमाशा कदाचित त्या दोन ट्वीटरसाठीच असेल, किंवा नसेल, मला सिद्ध करता येणार नाही. पण जुना माल परत द्या असं मी त्या दिवशी म्हणालोच नव्हतो. त्याने विचारलं होतं, भंगार ठेवू का मालक, आणि मी म्हणालो ठेवा की.

अण्णांना घेऊन दुकानात गेलो. मिस्त्री आधी ओळखच देईना, मग पावती मागितली. पावती म्हणजे वहीतलं फाडलेलं पान, त्यावर "स्पीकर काम २५,०००" एवढंच, शिक्का नाही, सही नाही. फोनवरून पैसे दिले ते पण भलत्याच नावावर गेलेले, तेव्हा म्हणाला होता माझा कोड चालेना, भाच्याचा स्कॅन करा. एवढ्यात अण्णांनी काउंटरच्या खाली वाकून बघितलं. आमची एक तबकडी तिथं उताणी पडलेली आणि तिच्यात स्क्रू, सोल्डरचे तुकडे आणि अर्धी सुपारी. ताटली केली होती तिची. दुसरी मागच्या खोलीत पोत्याखाली सापडली. कडेचा रबर दोन्हींचा शाबूत, देवाची कृपा. ट्वीटर? "ते गेले मालक भंगारात." कुठल्या भंगारवाल्याकडे? तर आठवत नाही. पैशाचं बोलल्यावर म्हणाला ॲम्प आणून द्या, चार हजार देतो, आणि तेही महिन्याने.

ॲम्प दिला नाही, पुरावा म्हणून ठेवलाय. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमा करतोय. तिथं ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वकील मित्र म्हणाला पानावर ॲम्पचं नाव तरी लिहून घ्यायचं होतंस, किती वॉट ते तरी. आता काय बोलणार.

स्पीकर अण्णांनी आमच्याच हॉलमध्ये चार रविवार बसून जुळवले. तबकड्या परत बसल्या, नॉन-पोलर कंडेन्सर पुण्याहून पासोड्या विठोबाजवळून आणले, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी गेलो आणि रात्री परत. ॲम्प पण तिथूनच, जुना जपानी, खऱ्या ४० वॉटचा, उचलताना कंबर धरते असा. घ्यायच्या आधी अण्णांनी सांगितल्याप्रमाणे इनपुट मोकळं ठेवून, आवाज शून्यावर करून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसी मिलिव्होल्टला लावला, एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला ७. पन्नासच्या आत असेल तर घ्यायचा, व्होल्टात आला तर कितीही स्वस्त असो हात लावायचा नाही, तो वूफर जाळतो. १४,५०० वाल्याला अण्णांनी तोच मीटर लावला होता तेव्हा ३०० च्या वर दाखवत होता आणि प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे गडबड झाली की स्पीकर तोडणारा स्विच, तर आत नव्हताच. ट्वीटर सध्या साधेच लावलेत. ठीक वाजतात.

राहिलं ते मामींचं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधल्या दोन महिन्यात त्या पोराशी बोलणं टाकलं होतं आणि खोली सोड म्हणून सांगितलं होतं. मला म्हणाल्या, मी त्याला काही सांगणार नाही, तू ये आणि तूच सांग. गेलो. जिन्यातच त्याचं सामान अर्धं बांधलेलं होतं. मी काय काय बोललो मला नीट आठवत नाही. त्याने ऐकून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं, मग विचारलं की ती तबकडी नुसत्या हवेवर कशी काय हलते, बघायला मिळेल का. रविवारी घरी बोलावलं. वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद आत दाबला तर शेजारची तबकडी हळूच बाहेर आली, तो परत दाबून बघत बसला, आणि अण्णांचे दोन तास सुरू झाले.