२ जीबीच्या व्हीपीएसवर टॉमकॅट ९: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप असा: मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), उबुंटू लिनक्स, पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे जावा अ‍ॅप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट ९ आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस. सभासद नोंदणीचं जेएसपी-सर्व्हलेटचं, म्हणजे जावातलं वेब अ‍ॅप्लिकेशन यावर व्यवस्थित चालतं.

शेअर्ड होस्टिंग पीएचपीला पुरतं. जावाला मात्र सतत चालू राहणारी स्वतःची प्रोसेस लागते, आणि ती तिथे बहुधा चालू देत नाहीत. व्हीपीएस घेताना कोअर आणि डिस्क नंतर, आधी रॅम बघा. मर्यादा दिली नाही तर जेव्हीएम (जावा चालवणारी यंत्रणा) हीपसाठी, म्हणजे प्रोग्रामच्या डेटाच्या जागेसाठी, रॅमचा पाव हिस्सा धरते, म्हणजे इथे ५१२ एमबी. अपुरी वाटली म्हणून १५०० एमबी दिली, की मेटास्पेस (जावा क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक आणि मायएसक्यूएल मिळून रॅम संपते आणि लिनक्स थेट टॉमकॅटच बंद पाडतो. कॅटालिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या लॉगमध्ये कारण सापडत नाही, शेवटची ओळ नेहमीसारखीच असते. लिनक्स कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज कमांड दिल्यावरच ‘आउट ऑफ मेमरी’ दिसतं. बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह फाइलमध्ये हीप ७६८ एमबी केली आणि सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कनेक्टरचे मॅक्सथ्रेड्स (एकाच वेळी हाताळायच्या विनंत्यांची मर्यादा) २०० वरून ६० केले, की गाडी रुळावर येते. सोबत १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवाच.

मराठी मजकुराचा घोळ वेगळाच. यूआरएलमधला मजकूर टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ (मराठी लिहिता येणारं एन्कोडिंग) धरतो, पण पोस्ट केलेला फॉर्म आयएसओ-८८५९-१ (फक्त रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग) म्हणून वाचला जातो. ‘सातारा’ लिहून सेव्ह करा, प्रत्येक अक्षर आणि काना तीन-तीन विचित्र चिन्हं होऊन परत येतो. वेब.एक्सएमएल या सेटिंग फाइलमध्ये यूटीएफ-८ ठरवणारा कॅरेक्टर एन्कोडिंगचा फिल्टर लावा, आणि तो सगळ्या फिल्टरांच्या आधी. कुणी पॅरामीटर एकदा वाचला, की नंतर एन्कोडिंग बदलून काही उपयोग नाही. मायएसक्यूएलचं टेबल यूटीएफ८एमबी४ ठेवा. देवनागरी तीन बाइटांत बसते, इमोजीला चार लागतात.

फोटो अपलोड करताना ४१३ (फाइल फार मोठी) हा एरर आला तर टॉमकॅट उकरत बसू नका, एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबीच असते.

टॉमकॅट १० वर घाईने जाऊ नका. तिथे जावाएक्सची पॅकेजेस जकार्ता झाली आहेत, त्यामुळे जुनी वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचं पॅकेज) वेबअ‍ॅप्समध्ये टाकून चालत नाही. ती वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डरमध्ये टाकली तर टॉमकॅट स्वतः रूपांतर करतो, पण लायब्ररी जुन्या असतील तर प्रत्येक पान उघडून तपासावंच लागतं.