गुलमर्गची मराठी गाइड ऑरगॅनिक मॅप्सवर: हिवाळाभर वापरल्यानंतर

इंदूरहून स्कीइंगला जाणाऱ्या आमच्या मराठी मंडळींसाठी फोनवरची गाइड करायचं पावसाळ्यातच ठरलं. त्यासाठी ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशांचं ॲप निवडलं, ते एकाच कारणासाठी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं, पण आमच्या काका-मावश्यांचे बहुतेक नंबर प्रीपेडच. म्हणजे नेटच्या भरवशावरची गाइड श्रीनगरला पोचताच बंद! हे ॲप फुकट, जाहिराती नाहीत, नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचे. घरच्या वायफायवर ते उतरवून घेतले की पुढे जीपीएसवर काम भागतं.

खरी जान आहे ती नकाशावर आपण केलेल्या प्रत्येक खुणेखाली लिहिता येणाऱ्या टिपेत. गुलमर्गच्या खालचं गाव टंगमर्ग, त्याच्या खुणेखाली मी लिहिलंय: ‘बर्फ पडलेला असेल तर पुढचे 13 किमी चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच जाते. भाडं बसण्याआधी ठरवा. कोट-गमबूट भाड्याने देणारे मागे लागतील. स्कीचे बूट मात्र वर गुलमर्गलाच, पायात घालून बघून घ्या.’ आत्याला तिथे कुणाला फोन करावा लागला नाही, टीप वाचली आणि पुढचं तिनेच बोलून घेतलं.

खुणांना रंग देता येतात, ते फार उपयोगी पडलं. शिकाऊंसाठी हिरवा: गुलमर्गमधले खालचे सौम्य उतार आणि स्कीइंगचे कोर्स चालवणारी केंद्र सरकारची संस्था, आयआयएसएम. लाल म्हणजे जाणत्या स्थानिक गाइडशिवाय जायचंच नाही. गोंडोलाचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला सोडतो, दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. वरचे उतार सपाट करून राखलेले नसतात, आणि बचाव पथकाच्या गस्तीच्या हद्दीबाहेर हिमस्खलनाचा धोका स्वतःच्या जिवावर घ्यायचा. ॲपमध्ये समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दिसतात, पण त्यांवर विसंबून उतरू नका. 30 ते 45 अंशांचा उतार हिमस्खलनाला सगळ्यात पोषक, आणि आज तिथला बर्फ किती धरलेला आहे हे नकाशा सांगत नाही. वारा किंवा हिमस्खलनाची भीती असली की दुसरा टप्पा बंदच ठेवतात. म्हणून कोंगदूरीच्या खुणेखाली ‘वरचं बंद असेल तर’ अशी वेगळी टीप ठेवलीय. सगळ्यात जास्त वाचली गेली ती हीच.

अडचण शेअरिंगची. खाती नाहीत, त्यामुळे मी टीप बदलली तरी ती इतरांकडे आपोआप जात नाही. सगळ्या खुणा-टिपांची केएमझेड फाइल व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवायची. म्हणून गोंडोलाचे दर, वेळा असलं बदलतं काही मी त्यात ठेवतच नाही. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा.

नवीन भर प्रवासाची घातलीय. महूहून सुटणारी मालवा एक्सप्रेस इंदूरहून थेट कटऱ्याला नेते, आणि जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत आहे. विमानाचं भाडं परवडत नसलेल्यांसाठी हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो. 21 डिसेंबरला चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, लागतो. त्याआधी नवी फाइल सगळ्यांच्या फोनवर गेलेली असेल. ज्यांना नवी फाइल हवी त्यांनी ॲपमधली खुणांची जुनी यादी आधी काढून टाका, नाहीतर एकाच जागी दोन-दोन खुणा दिसतात.