पोटरी ताणताना गुडघा सरळ की वाकलेला?

भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे न्यायचा, टाच जमिनीला. पोटरीचा हा व्यायाम बहुतेकांना ठाऊक असतो. मागचा गुडघा ताठ ठेवायचा की वाकवायचा, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

पोटरीतला वरचा फुगीर स्नायू, गॅस्ट्रोक्नेमिअस, मांडीच्या हाडापासून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. त्याखालचा सोलिअस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघेही अकिलीस कंडरेतून, म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीसारख्या पट्ट्यातून, टाचेला जोडलेले. म्हणून गुडघा सरळ असताना ताण आधी गॅस्ट्रोक्नेमिअसला बसतो. वाकवला की तो सैल पडतो आणि सोलिअसची पाळी येते. तेव्हा ओढ जरा खाली, टाचेच्या बाजूला जाणवते.

तुम्हाला कोणता हवा? पाठीवर झोपा आणि घरातल्या कुणाला तरी पाऊल हलकेच नडगीकडे ढकलायला सांगा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवल्यावर पाऊल बरंच जास्त आलं, तर आखडलाय तो गॅस्ट्रोक्नेमिअस. सरळ गुडघ्याचा प्रकार निवडा. दोन्ही वेळा सारखंच अडलं, तर सोलिअस किंवा खुद्द घोट्याचा सांधा. उकिडवं बसताना टाचा उचलल्या जात असतील, तर सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनावर फार भिस्त ठेवू नका, त्यात गुडघे सरळ असतात. उकिडवं बसताना गुडघे पूर्ण मिटलेले असतात, तिथे गॅस्ट्रोक्नेमिअस आड येतच नाही. गुडघा वाकवूनच ताणा. घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर मात्र सांधा अडतोय, जोर लावू नका.

पाय पसरून, पावलाला टॉवेल अडकवून ओढणं मला दुय्यम वाटतं. पोटरीचे स्नायू खुब्यापर्यंत पोचत नाहीत, पण पुढे वाकलं की मांडीमागचे स्नायू आणि सायटिक नस ताणली जाते. गुडघ्यामागे झिणझिण्या आल्या तर तो पोटरीचा ताण नव्हे.

कोणताही प्रकार घ्या, चवडा सरळ पुढे हवा. तो बाहेर वळला की पावलाची कमान खचते, हालचाल पावलातच जिरते आणि पोटरी तशीच राहते. सपाट तळव्यांच्या माणसांनी कमानीखाली घडी केलेला नॅपकिन ठेवावा. एका वेळी साधारण ३० सेकंद पुरे.

कंडरा टाचेला चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल, तर पायरीवरून टाच खाली सोडू नये. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर ताणायच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्ताची गुठळीही असू शकते.